नामान आणि घरचे रोगी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या विभागातील एका लहान मंडळीत आम्ही अरामी सेनापती नामान याजविषयी उपदेश केला. उपदेश बरा झाला असे आम्हांस वाटले. भक्ती आटोपल्यावर मंडळी पांगली, आणि तेथील वृद्ध उपदेशक, ज्यांस सारा गाव मास्तर म्हणतो, ते मंदिराच्या पायरीवर दोन्ही पाय पुढे लांब करून बसले. त्यांस मांडी घालता येत नाही. तीस वर्षे त्यांनी सात गावांची वाट तुडविली, आणि त्यांतील बहुतेक वर्षे पायी. सायकल मिळाली ती शेवटी शेवटी. आता दोन्ही गुडघे आतून झिजले आहेत, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले आहेत, आणि प्रार्थनेसाठी सारे गुडघे टेकतात तेव्हा मास्तर भिंतीस धरून उभे राहतात.

ते आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, नामानाचे आपण सांगितले, पण प्रभूने नासरेथच्या सभास्थानात त्याची आठवण काढली, ते राहिले."

आम्ही म्हणालो, "मास्तर, वेळ पुरला नाही."

"वेळेचे असो. पण अलीशाच्या घराजवळ राहणारे कोडी काय थोडे होते? बरा झाला तो मात्र दूरदेशीचा. मला त्या घरच्या कोड्यांचे विचारायचे आहे."

हा प्रश्न त्यांस का पडला हे आम्हांस ठाऊक होते. त्यांची कन्या मुंबईस एका मोठ्या इस्पितळात सिस्टर आहे. तिच्या वॉर्डात परदेशांतून रोगी येतात, ते गुडघ्याचा अथवा खुब्याचा झिजलेला सांधा काढून नवा बसवून घेण्यासाठी. त्यांच्या देशात हे काम फार महाग पडते, किंवा होतच नाही. येथे ते परवडते. ही मुलगी त्या परक्या माणसांस दुसऱ्या दिवशी उठवून, हाती वॉकर देऊन, पहिले पाऊल टाकावयास शिकविते. आणि सुटीत गावी आली म्हणजे बापाच्या गुडघ्यांस तेल चोळते. मास्तरांनी विचारले, की स्वस्त पडते म्हणून माणसाने आपला देश सोडून परक्या देशी अंग बरे करून घ्यावयास जाणे योग्य आहे काय. आणि आम्ही त्यास घेणे, त्याच्याकडून पैसा घेणे, आणि घरची माणसे भिंतीस धरून उभी असणे, हे योग्य आहे काय? आम्ही तेव्हा काही उत्तर दिले नाही. जे सुचले ते पुढे लिहितो.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या खेड्यांत तिजविषयी भलत्या समजुती आहेत. लोक म्हणतात, "वाटी बदलली." वस्तुतः पुष्कळदा वाटीला फारसा हातही लागत नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नळीच्या हाडाचे वरचे टोक यांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते झिजले म्हणजे हाड हाडावर घासते. शस्त्रवैद्य ती झिजलेली टोके मोजून तासतो, त्यांवर धातूच्या टोप्या बसवितो, आणि मध्ये एका चिवट प्लास्टिकची चकती ठेवितो. एका वृद्ध बाईने आम्हांस विचारले होते, की पुनरुत्थानाच्या दिवशी हे लोखंड आपल्याबरोबर उठेल काय? आम्ही तिला सांगितले, की ज्याने मातीचे माणूस केले त्यास लोखंडाची अडचण पडावयाची नाही.

ह्या कामाचा पाया इंग्लंडात लँकेशर प्रांतातील राइटिंग्टन येथल्या इस्पितळात जॉन चार्नली नावाच्या शस्त्रवैद्याने घातला. त्याने आरंभी खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉन नावाचे प्लास्टिक वापरले. सुमारे तीनशे रोग्यांस ते बसविले; रोगी चालू लागले, सर्वत्र वाहवा झाली; आणि दोनतीन वर्षांत ते प्लास्टिक झिजून त्याचे कण मांसात उतरू लागले. चार्नलीने आपली चूक झाकली नाही. त्याने तेच रोगी पुन्हा बोलावून त्यांचे सांधे काढले, आणि टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेऊन शरीर त्यास कसे वागविते ते पाहिले. नोव्हेंबर १९६२ पासून त्याने दुसरे, अधिक दाट प्लास्टिक वापरले आणि ते टिकले. पुढच्या दशकात गुडघ्याचेही काम साधले. हल्ली चांगला बसलेला सांधा पंधरा-वीस वर्षे, पुष्कळांचा त्याहूनही अधिक, चालतो. चार्नलीची हकीकत आम्ही उगाच सांगितली नाही. ज्याने आपल्या रोग्यांस परत बोलाविले त्याची आठवण पुढे लागणार आहे.

आता परदेशी जाण्याचे. अमेरिकेतील एका छायाचित्रकाराची गोष्ट २०१३ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने छापली. त्याचा खुबा झिजला होता; जुन्या दुखापतीमुळे तो झिजला म्हणून विमा कंपनी पैसे देईना. त्याने भाव काढला, तेव्हा नुसत्या सांध्याचे सुमारे १३,००० डॉलर आणि इस्पितळाचे ६५,००० डॉलर सांगण्यात आले. शस्त्रवैद्याची फी त्याहून निराळी. तो २००७ साली बेल्जम देशी गेला. तेथे सांधा, शस्त्रवैद्य, इस्पितळातील पाच दिवस, औषधे, कुबड्या, चालण्याच्या सरावाचा एक आठवडा आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे धरून त्यास एकंदर १३,६६० डॉलर पडले. म्हणजे घरी नुसत्या धातूच्या तुकड्यास जितके द्यावयाचे, जवळजवळ तितक्यातच तो समुद्रापलीकडे जाऊन नवा खुबा घेऊन चालत परत आला! आणि अमेरिका तर अशा सांध्यांचे माहेरघर: इंडियाना संस्थानातील वॉर्सा ह्या लहानशा शहरात हे सांधे करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. जेथे विहीर, तेथेच माणूस तहानलेला.

इंग्लंडातली गोष्ट निराळी आहे. तेथे सरकारी इस्पितळात रोग्यास पैसा पडत नाही, परंतु पाळी यावयास वेळ लागतो. बेडफर्ड येथील एक वृद्ध स्त्री २००३ साली थांबून थांबून थकली, फ्रान्सात आबव्हिल गावी गेली, आणि ३,९०० पौंड भरून खुबा बदलून आली. मग तिने सरकारी खात्याकडे ते पैसे मागितले. तंटा युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि मे २००६ मध्ये निवाडा झाला, की रोग्याची प्रकृती पाहता जितका काळ थांबविणे रास्त, त्याहून अधिक थांबावे लागत असेल तर केवळ 'रांग आहे' ह्या सबबीवर त्यास नाही म्हणता येत नाही. वेदनेसही काही हक्क आहे, असे हे न्यायाधीश म्हणाले, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

आमच्या देशी येणारे रोगी मात्र बहुतेक अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नव्हेत. कित्येक वर्षे सर्वांत मोठा भरणा बांगलादेशाचा होता. त्याखेरीज इराक, येमेन, ओमान, आणि आफ्रिकेतील नायजेरिया, केनिया, टांझानिया अशा देशांचे लोक येतात. आखातात व विलायतेत राहणारे आमचेच लोकही सुटीत येऊन येथे गुडघे करून जातात. परक्या रोग्यासाठी सरकारने वैद्यकीय व्हिसा ठेविला आहे, आणि सोबतीस दोन माणसांपर्यंत निराळा व्हिसा मिळतो. सांध्याची किंमतही सरकारने बांधली. ऑगस्ट २०१७ पर्यंत कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या नेहमीच्या गुडघ्यास सरासरी १,५८,३२४ रुपये पडत. तो आकडा ५४,७२० रुपये व वर कर, असा उतरविण्यात आला. आधीच्या एक लाखाहून अधिक रुपयांत कोणाकोणाचा वाटा होता, हा प्रश्न वाचकांनी आपल्या मनाशीच विचारावा.

तर मग, जाणाऱ्याचा दोष आहे काय? आम्हांस नाही वाटत. आमच्यांतील काही जण म्हणतात, की देवाने जेथे ठेविले तेथेच सोसावे. दुखणे हा वधस्तंभ आहे. असे म्हणणारा बहुधा स्वतः धडधाकट असतो. नामानाने दिमिष्क सोडले म्हणून अलीशाने त्यास दोष दिला नाही. दोष त्याच्या अभिमानाचा होता, की आमच्या घरच्या नद्या काय वाईट आहेत. आणि तो अभिमान त्याच्या चाकरांनी गोड बोलून काढला. ज्याचा गुडघा रात्रभर ठणकतो, ज्यास शौचास बसता येत नाही, त्याने सरहद्द ओलांडली तर त्यात लाज कसली? उलट, ज्या घरात रोग्यास इलाज मिळत नाही, त्या घरधन्याने लाजावे. नामान निघाला तेव्हा अरामाच्या राजाने पत्र दिले. इस्राएलाच्या राजाने मात्र ते पत्र वाचून वस्त्रे फाडली, कारण त्यास त्यात राजकारण दिसले. रोगी आला की राजांस प्रथम राजकारण दिसावे, ही गोष्ट जुनी आहे.

जाणाऱ्याने सावध असावे, एवढे मात्र म्हटले पाहिजे. गुडघा कापल्यावर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचे भय असते, आणि तासन् तास विमानात बसल्याने ते वाढते. म्हणून शहाणा डॉक्टर काही आठवडे लांबचा प्रवास करू देत नाही. सांध्यात जंतू शिरले तर ते कधी कधी महिन्यांनी, वर्षांनीही कळते. तेव्हा ज्याने काम केले तो हजार कोसांवर असतो. २०१० साली एका बड्या कंपनीने आपला खुब्याचा सांधा जगभरातून परत मागविला, कारण धातूवर धातू घासून त्याचे कण रोग्यांच्या मांसात व रक्तात उतरत होते. आपल्या देशातही तो सांधा हजारोंच्या अंगात बसविलेला होता, आणि त्यांतील कित्येकांचा ठावठिकाणा अनेक वर्षे कोणास लागला नाही. घरच्या घरी ही गत, मग जो व्हिसा संपवून परत गेला त्यास कोणी शोधावे? येथे चार्नलीची आठवण होते. स्वस्त भावात सर्व काही आले, पण चूक झाल्यास परत बोलावणारा कोणी आला नाही, तर तो भाव अपुरा आहे.

परंतु मास्तरांचा काटा येथे नव्हता. तो घरच्या रोग्यांविषयी होता, आणि तेथे आम्हांस पुष्कळ थांबावे लागले. प्रभूचे ते बोलणे आम्ही आजवर नासरेथकरांच्या अविश्वासाविरुद्ध शिकवीत आलो आहोत. सेमिनरीत आम्हांस तसेच शिकविले आणि ते बरोबरच आहे. पण त्या बऱ्या न झालेल्या माणसांच्या बाजूने कोणी काही विचारावे, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आणावयास झिजलेले गुडघे लागले.

आम्ही प्रथम असे उत्तर योजिले: नामान यार्देनेत सात वेळा बुडाला, म्हणून यार्देनेचे पाणी आटले नाही. इस्राएलातील कोणाही कोड्याची जागा त्याने घेतली नाही. देवाची कृपा वाटल्याने कमी होत नाही. परका आत आला म्हणून घरच्याच्या ताटातले काही जात नाही. हे उत्तर आम्हांस फार आवडले, आणि ते कागदावरही उतरविले. मग ध्यानात आले, की इस्पितळ ही यार्देन नव्हे. शस्त्रवैद्याच्या दिवसास तासच असतात. एका टेबलावर एक माणूस निजला असता दुसरा निजू शकत नाही. सिस्टर एकाचा वॉकर धरून असता दुसऱ्याची घंटा वाजत राहते. ज्या वस्तू वाटल्याने कमी होत नाहीत आणि ज्या होतात, त्या दोहोंस एकाच नियमाने मोजणे हे उपदेशकांचे नेहमीचे पाप आहे, आणि आम्ही त्यातून सुटलेले नाही.

ह्यावर इस्पितळवाल्यांचेही म्हणणे आहे आणि ते ऐकले पाहिजे. ते म्हणतात, परका रोगी जो पैसा देतो त्यातून आम्ही नवी यंत्रे घेतो. परदेशी गेलेले आमचे हुशार शस्त्रवैद्य त्या कामासाठी परत येतात. आणि त्याच यंत्रांचा, त्याच हातांचा लाभ येथल्या लोकांसही होतो. हे खोटे नाही. मिशन इस्पितळांची जुनी रीत हीच होती. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस इस्पितळ उघडले, तेथे दूरदूरचे संस्थानिक व सावकार येत, आणि सधनाच्या पैशावर निर्धनाची खाट चाले. वेलोरच्या मिशन इस्पितळात बंगालचे व बांगलादेशाचे रोगी दोन दोन दिवस गाडीत बसून येत आले आहेत. त्यांस कोणी परके म्हणून फिरविले नाही. परंतु पाटाच्या पाण्याची गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. वरच्या शेतास आधी पाणी मिळाले तर खालच्याने कुरकुर करू नये, कारण भरून वाहिलेले पाणी खाली यावयाचेच. मात्र मध्ये कोणी बांध घातला नसेल तर. पाणी वर आहे काय, हा प्रश्न नव्हे. बांध कोठे आहे, हा प्रश्न आहे.

आणि येथे गेहजी आठवतो. अलीशाने नामानाचे काही घेतले नाही. दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने आणि दहा पोशाख आल्या वाटेने परत निघाले. गेहजी मागून धावला आणि धन्याचे नाव सांगून दोन किक्कार व दोन पोशाख घेऊन आला. पैसा घेतला हे त्याचे पाप, असे आम्ही समजत नाही. मजुरास मजुरी मिळावी हे शास्त्र सांगते, आणि शस्त्रवैद्य व सिस्टर हे मजूरच आहेत. गेहजीचे पाप हे, की त्याने गरजू पाहुण्यांची खोटी कथा रचली. दोन गरीब तरुण आले आहेत, त्यांच्यासाठी मागतो असे म्हणून घेतले, आणि ते आपल्या घरात लपविले. गरिबाच्या नावाने घेणे आणि गरिबास न देणे, हे ते पाप. आजही परदेशी रोगी आणून देणारे दलाल आहेत, ते इस्पितळाकडून रोग्यामागे वाटा घेतात आणि रोग्यास ते सांगत नाहीत. त्यांस गेहजीचे गोत्र म्हटल्यास चूक होणार नाही. परंतु दलालास नावे ठेवणे सोपे आहे.

आमच्या राज्यात जी इस्पितळे धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत, त्यांस करांत व जमिनींत सवलती मिळाल्या आहेत, आणि त्या गरिबाच्या नावाने मिळाल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे अशा इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रोग्यांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या आहेत, आणि एकंदर बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रोग्यांच्या निधीत टाकावयाची आहे. म्हणजे परक्याने भरलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतील दोन रुपयांवर, कायद्याने, मास्तरांच्या गुडघ्याचे नाव लिहिलेले आहे. जेथे हा निधी प्रामाणिकपणे वाटला जातो तेथे परका रोगी हा घरच्या रोग्याचा वैरी नव्हे, त्याचा अन्नदाता आहे. जेथे तो वाटला जात नाही तेथे गेहजीचे घर आहे, मग दारावर कोणत्याही संताचे नाव असो.

आता आमचे स्वतःचे सांगितले पाहिजे. मास्तरांची कन्या ज्या इस्पितळात आहे ते अशाच न्यासाचे आहे. त्याच्या दालनात ह्या योजनेचा मराठी फलक लावलेला आहे. आम्ही तेथे आमच्या मंडळीच्या रोग्यांस भेटावयास चार वेळा गेलो होतो. फलकाखालून गेलो, फलक वाचला नाही. वीस वर्षे आम्ही पाळकपण करितो. इतक्या वर्षांत किती म्हाताऱ्यांस आम्ही 'सोसा' म्हणून सांगितले आणि किती जणांस 'अर्ज करा' म्हणून सांगितले, हा हिशेब मांडावयास बसलो तेव्हा दुसऱ्या रकान्यात घालण्यास काही सापडेना. बेथेस्दाच्या तळ्याकाठी जो अडतीस वर्षे पडून होता, त्याचे गाऱ्हाणे पाण्याविषयी नव्हते. त्यास पाण्यात सोडणारा माणूस नव्हता. नामानाजवळ राजाचे पत्र होते, घोडे होते, चाकर होते. आजच्या परक्या रोग्याजवळही पत्र लिहिणारा, विमानतळावर घ्यावयास येणारा, भाषा समजावून सांगणारा माणूस असतो. घरच्या रोग्याजवळ कोण आहे?

मुलीस आम्ही विचारले, "बाई, तुला हे ठाऊक नव्हते काय?" ती म्हणाली, "ठाऊक होते, पाळकसाहेब. पण मी बोलले तर म्हणतील, सिस्टरने बापाला आत घुसविला. माझी नोकरी कायमची नाही." आम्ही गप्प राहिलो. खाजगी इस्पितळातील सिस्टरांच्या पगाराविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमावयास सांगितली होती, आणि लहानात लहान इस्पितळातही महिना वीस हजार रुपयांहून कमी पगार नसावा अशी त्या समितीने शिफारस केली. शिफारस करावी लागली, ह्यातच काय ते आले. परदेशच्या रोग्यास येथले काम स्वस्त पडते त्याची कारणे पुष्कळ आहेत; पैकी एक कारण आमच्या मुली आहेत. नामानाच्या घरी जी बंदिवान मुलगी होती, तिने शब्द काढला म्हणून ही सारी हकीकत घडली. सेनापती बरा होऊन घरी आला. त्या मुलीस कोणी तिच्या आईबापांकडे पोहोचविले की नाही, हे शास्त्रात लिहिलेले नाही. तिचे नावही नाही. आम्ही तिच्यावर अनेकदा उपदेश केला आहे आणि तिच्या धैर्याची स्तुती केली आहे. तिच्या सुटकेविषयी आम्ही कधी बोललो नाही.

मग आम्ही स्वतः मास्तरांस घेऊन गेलो, म्हणजे मुलीचे नाव मध्ये येऊ नये. पहाटेच्या गाडीने निघालो. पिवळ्या शिधापत्रिकेची व उत्पन्नाच्या दाखल्याची नक्कल बरोबर होती. खिडकीवरच्या तरुणाने प्रथम सांगितले, की ह्या महिन्याच्या खाटा भरल्या आहेत. आम्ही फलकाकडे बोट दाखविले आणि किती खाटा, कोण रोगी, हे पाहावयास मिळेल काय असे सौम्यपणे विचारले. त्यावर त्याने आम्हांस समाजसेवा विभागाकडे पाठविले, आणि तेथील बाई खरोखर भली निघाली. सरकारी योजनेच्या कार्डाचेही तिने विचारले. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून चालू आहे, परंतु कोणत्या इस्पितळात कोणते काम त्याखाली होईल हे तेथल्या आरोग्यमित्रास विचारल्यावाचून कळत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे आणि सरपंचाच्या सांगण्यावर विसंबू नये.

डॉक्टरांनी मास्तरांचे फोटो पाहिले. दोन्ही गुडघे बदलण्याजोगे आहेत, एक आधी, एक मागून, असे ते म्हणाले. नव्या गुडघ्यावर मांडी घालू नये, उकिडवे बसू नये, आणि गुडघे टेकणेही बहुधा कठीण जाईल, हेही त्यांनी सांगितले. मास्तर म्हणाले, "टेकायचे ते तरुणपणी टेकून घेतले. आता मला उभे राहून चालायचे आहे."

आम्ही कागदांच्या मागे ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरत होतो तेव्हा मास्तर बाकावर बसले होते. परत आलो तो त्यांच्या शेजारी टांझानियाचा एक वृद्ध गृहस्थ बसलेला, आणि दोघांनी आपापले गुडघे उघडे करून एकमेकांस दाखविले होते. त्या गृहस्थाचा मुलगा इंग्रजी बोलत होता. त्याच्याकडून कळले, की बापासाठी त्यांनी गावाकडील जमिनीचा एक तुकडा विकला, आणि तरीही विमानभाड्यास नातलगांकडून उसने घ्यावे लागले. आम्ही हे मास्तरांस मराठीत सांगितले. ते काही वेळ त्या माणसाच्या गुडघ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा काही नामान नाही. हाही आमच्यातलाच." त्यांनी आपल्या पिशवीतील दशम्यांपैकी दोन त्यांस दिल्या. मुलाने त्या घेतल्या, आणि बापाने तेथेच खाल्ल्या.

उत्पन्नाच्या दाखल्यावर मास्तरांच्या आडनावातील एक अक्षर चुकले आहे, म्हणून अर्ज अडला. तहसील कचेरीत तो दुरुस्तीस दिला आहे. इस्पितळाची पुढील तारीख नाताळानंतरची आहे, आणि त्या दिवशी दुसऱ्या गावची एक बाई व तिचा भाऊ हेही आमच्याबरोबर यावयाचे आहेत. त्यांची कागदपत्रे आम्ही ह्या आठवड्यात पाहणार आहोत.